गली गली सिम सिम बघत मोठे झालेले सोलापूरकर इथे कोण कोण आहेत?

साखरपेठवाली

नमस्कार मंडळी.

लहानपणच्या टीव्हीचा विषय निघाला की बोलणं नेहमी रविवार सकाळच्या पौराणिक मालिकांवर जातं. ती पिढी मन भरून बोलते आणि विषय तिथंच संपतो. २००६ च्या आसपास जे चार-सहा वर्षांचे होते, त्यांच्या वाट्याला काय आलं हे कुणी विचारत नाही. माझ्या वाट्याला चमकी आली. चमकी, गुगली, बूम्बा आणि आंचू.

'गली गली सिम सिम' हा बाहुल्यांचा हिंदी बालकार्यक्रम ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाला. आधी कार्टून नेटवर्क आणि पोगोवर, मग दूरदर्शनवर. आमच्याकडे केबल नव्हती, त्यामुळे मी बघितलं ते दूरदर्शनवरच. दोन वेण्या आणि शाळेचा गणवेश घातलेली चमकी सतत काहीतरी विचारत असायची. गुगली केसाळ आणि जरा काळजीखोर. बूम्बा म्हणजे भांगडा करणारा गुलाबी सिंह, तोही शाकाहारी. आणि आंचू शिंकली की भलतीकडेच पोचायची.

माझी आई विडी वळायची. मांडीवर सूप, शेजारी भिजवून मऊ केलेली पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवायची, तंबाखू भरून वळायची, टोक दुमडायची, दोरा गुंडाळायची. हात आपोआप चालायचे आणि नजर टीव्हीवर असायची. आम्ही घरात तेलुगू बोलतो. आईला मराठी बोलता यायचं पण वाचता येत नव्हतं, हिंदी तर जेमतेम. पण पडद्यावर अक्षर आलं की ती मला म्हणायची, 'हे काल पण आलं होतं बघ.' देवनागरी अक्षरांचे आकार तिच्या ओळखीचे झाले ते माझ्याबरोबर, त्या बाहुल्यांसमोर. पुढे बसवरची पाटी वाचायला लागली तेव्हा तिनं घरी येऊन पहिल्यांदा मला सांगितलं.

मला मनापासून वाटतं की त्या कार्यक्रमानं आमच्यासारख्या घरांना फार मानानं वागवलं. आता तो टीव्हीवर दिसत नाही, याची हळहळ वाटते. तुमच्या आठवणी वाचायला आवडतील.

कन्नाचौक

अक्का, एकदम काळजाला हात घातलास बे.

आमच्या घरी खाली माग आणि वर राहणं. चादरीचे माग, म्हणजे आवाज काय असतो ते शहराच्या पूर्व भागातल्या मागवाल्यांना सांगायला नको. त्यात ते दिवस भारनियमनाचे. लाइट असली की माग चालू, आणि माग चालू असला की टीव्ही ऐकू येत नाही. लाइट गेली की सगळं गप्प, पण मग टीव्हीपण बंद. म्हणून मी आणि माझ्या चुलत भावानं ही मालिका बरीचशी न ऐकताच बघितलीय. खरं सांगतो. बूम्बा काय म्हणतोय ते कळायचं नाही, पण तो खूश आहे का त्याचं काही बिनसलंय ते कळायचं. गुगली घाबरला की खांदे वर घ्यायचा, आम्ही पण घ्यायचो.

एकदा मागाचा पट्टा तुटला म्हणून माग थांबला आणि लाइट चालू राहिली. त्या दिवशी चमकीचा आवाज नीट ऐकला. मी मनात धरला होता त्याहून बारीक निघाला. भाऊ म्हणाला, अशीच बोलणार ती, लहान आहे ना अजून.

आता लिहायलोय तरी तो पट्टा जोडणारे काका डोळ्यापुढं आहेत.

रिमझिम_विडीघरकुल

साखरपेठवाली ताई, धाग्यासाठी आभार. माझी आठवण थोडी वेगळी आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला सातवीनंतर शाळेतून काढलं. कारण तेच, जे आपल्याकडे शेकडो घरांत होतं. आईच्या हाताखाली एक हात वाढला की आठवड्याला तेवढ्या जास्त विड्या कारखान्यात जायच्या. अक्का पान कापायची, मी पाढे म्हणायचे. संध्याकाळी आम्ही दोघी टीव्हीसमोर. मी चमकी बघायचे आणि अक्का चमकीचा गणवेश बघायची. एकदा ती म्हणाली, 'ही रोज शाळेत जाते, हिला घरातलं कुणी थांबवत नाही.' नुसतं एवढंच. आईनं ते ऐकलं.

एका कार्यक्रमामुळं घर बदललं असा दावा मी करणार नाही. अक्का पुन्हा शाळेत गेली नाही. पण मला काढायची वेळ आली तेव्हा आई आणि अक्का दोघी बाबांपुढं उभ्या राहिल्या. मी डी.एड. केलं. आज माझ्या वर्गात ज्या मुली आहेत, त्यांच्या आया अजूनही सूप घेऊन बसतात.

एक मुलगी, साधी, गोरीगोमटी नाही, राजकन्या नाही, गणवेशातली, आणि सगळी मालिका तिच्या प्रश्नांवर चालते. आमच्या टीव्हीवर त्याआधी मी असं बघितलं नव्हतं.

होटगीरोड

आठवणी छान आहेत सगळ्यांच्या, पण मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. राग मानू नये.

ही मालिका मूळची अमेरिकन. बोली हिंदी, गल्ली दिल्लीकडची. आपल्याकडे पाध्ये घराण्यानं दोन पिढ्या बोलक्या बाहुल्या जपल्या. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव रामदास पाध्यांनी घराघरांत पोचवला. तिकडे सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाज कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करतोय. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. हे सगळं आपल्या भाषेत असताना आपण चमकीसाठी हळहळतो, याचं मला वाईट वाटतं. मराठी मुलांसाठी मराठीत असा रोजचा कार्यक्रम का झाला नाही, हा खरा प्रश्न आहे.

आणि अक्षरओळखीचंच म्हणाल तर हिंदीच्या वर्णमालेत 'ळ' नाही. आमच्या पोरांनी तो कुठं शिकायचा?

साखरपेठवाली

होटगीरोड दादा, राग कसला. प्रश्न रास्तच आहे. पण 'अमेरिकन' या शब्दानं थांबू नये असं मला वाटतं.

मूळची 'सेसमी स्ट्रीट' १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या जोन गँझ कूनी यांना एकच गोष्ट बघायची होती. ज्या गरीब घरांतली मुलं बालवाडीत जात नाहीत, त्यांना टीव्ही काही शिकवू शकतो का? म्हणून त्यांनी मालिका बंगल्यात किंवा जंगलात न ठेवता शहरातल्या साध्या गल्लीत ठेवली. पायऱ्या, कोपऱ्यावरचं दुकान, कचऱ्याचा डबा. जिम हेन्सन यांच्या बाहुल्या त्या गल्लीत आल्या.

त्या येण्यामागची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला मानसशास्त्रज्ञांनी बजावलं होतं की खरी माणसं आणि बाहुल्या एका प्रसंगात आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. मग प्रत्यक्ष प्रसारणाआधी १९६९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात मुलांना नमुन्याचे भाग दाखवले. बाहुल्या दिसल्या की मुलं बघायची. गल्लीतली नुसती माणसं बोलायला लागली की उठून जायची. तेव्हा त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला आणि बाहुल्यांना गल्लीत उतरवलं. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर त्यातूनच आले.

तपासण्याची पद्धतही साधी होती. मूल टीव्हीसमोर बसवायचं, शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी नवं चित्र बदलत ठेवायचं, आणि मुलाची नजर टीव्हीवरून कधी हलते ते टिपून घ्यायचं. जिथं नजर हलली तो तुकडा पुन्हा करायचा. मोठ्यांना काय आवडतं हे कुणी विचारलं नाही. मुलाच्या डोळ्यांना विचारलं. आपल्या मराठी बालकार्यक्रमांसाठी अशी मेहनत कुणी घेतली असती तर मी आज त्यांच्यावर धागा काढला असता.

आणि भारतात ती जशीच्या तशी आली नाही. चमकी, बूम्बा इथल्याच, हात आणि आवाज इथल्याच कलाकारांचे. गल्ली दिल्लीकडची होती हे बरोबर. पण साखर पेठेतल्या मला ती परकी वाटली नाही.

आजोळ_अफझलपूर

मी वयानं तुम्हा सर्वांपेक्षा बराच मोठा आहे. निवृत्त शिक्षक. चमकी माझ्या नातवंडांनी बघितली. तरी या धाग्यावर एक जुनी गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती आपल्या शिवेलगतची आहे.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारतात उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साईट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला मिळाला होता. सहा राज्यांतली २,४०० गावं निवडली होती. त्यात कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. म्हणजे सोलापुरातून अक्कलकोटच्या पुढं गेलं की तो मुलूख सुरू. इकडे सोलापुरात टीव्ही बघायला मिळत नव्हता, त्या काळात तिकडच्या खेड्यांत सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम लागायचे.

मी सुट्टीत आजोळी गेलो तेव्हा ते बघितलं. शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री उभी केलेली. टीव्ही लाकडी खोक्यात कुलूपबंद. गुरुजी कुलूप काढायचे तोपर्यंत पोरं चिडीचूप. कार्यक्रम कन्नड. आईचं माहेर असल्यानं मला कळायचं, पण माझ्याबरोबर सोलापुरातून आलेल्या मित्राला अवाक्षर कळत नव्हतं. तरी तो हलला नाही.

वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. पुढच्या सुट्टीत छत्री गंजत उभी होती. आम्ही मामाला विचारत होतो, पुन्हा कधी? मुलांसाठी काही चांगलं सुरू होतं आणि ते मुलांना न विचारता बंद होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. म्हणून साखरपेठवाली, तुमची हळहळ मला समजते.

बोलकीबाहुली

काका, किती मोलाची नोंद केलीत! कृपया यावर वेगळा धागा काढा.

मी बाहुल्यांचे खेळ आणि कार्यशाळा करते, मुख्यतः शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये. कन्नाचौक यांनी लिहिलंय की आवाज न ऐकता सगळं कळायचं, त्यावर मला बोलायचंय. ते कळावं म्हणूनच या बाहुल्या तशा घडवलेल्या असतात.

पहिली गोष्ट डोळे. बुबुळं अगदी मधोमध चिकटवली तर बाहुली शून्यात बघते. ती किंचित नाकाकडे सरकवली की बाहुली समोरच्याकडे बघायला लागते. दुसरी गोष्ट तोंड. नवशिका शब्द बोलताना हाताची चार बोटं वर उडवतो, त्यामुळं बाहुली आभाळाकडे तोंड करून बोलते. चार बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा, जसा आपला खालचा जबडा हलतो. तिसरी गोष्ट, दुसरं कुणी बोलत असताना आपल्या बाहुलीनं ऐकायचं असतं. ऐकणारी बाहुली करणं बोलणारीपेक्षा अवघड आहे. गुगली चमकीकडे बघत ऐकतोय, हे आठवून बघा.

चित्रीकरणात कलाकार खाली बसून किंवा झोपून हात डोक्यावर धरतो आणि समोरच्या छोट्या पडद्यावर स्वतःची बाहुली बघत काम करतो. ते चित्र आरशासारखं उलटं नसतं. डावीकडे न्यायचं तर मेंदू उजवीकडे ओढतो. दिवसभर हात वर. बूम्बासारख्या मोठ्या बाहुलीत तर माणूस आख्खा आत शिरतो. त्या गरम दिव्यांखाली तो भांगडा करायचा, हे लक्षात घ्या.

होटगीरोड, पिंगुळीचा मुद्दा अगदी पटला. पूर्व भागातल्या वयस्कर बायकांना विचाराल तर त्या तोलुबोम्मलाटाबद्दल सांगतील. चामड्याच्या रंगीत बाहुल्या, मागून दिवा, पुढं पांढरा पडदा, रात्रभर रामायण. माझ्या ओळखीच्या एक नायनम्मा, म्हणजे आजी, अजून त्यातला हनुमान हातांनी करून दाखवतात. सोलापूरला बाहुल्या नव्या नाहीत. आपल्याकडे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन मुलखांचे बाहुल्यांचे खेळ येऊन मिळतात.

रिमझिम_विडीघरकुल

बोलकीबाहुली ताई, एक विचारायचं होतं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिची आजी वारली, आणि घरच्यांनी तिला सांगितलं की आजी गावाला गेलीय. ती रोज दारात बघत बसते. वर्गात बोलणं बंद झालंय. अशा वेळी बाहुलीचा उपयोग होतो का? मला भीती वाटते की मी काहीतरी चुकीचं बोलून बसेन.

बोलकीबाहुली

होतो. पण आधी घरच्यांशी बोला, त्यांच्या संमतीशिवाय नको.

याच मालिकेच्या मूळ आवृत्तीतलं एक उदाहरण सांगते. गल्लीतल्या दुकानदाराची, मिस्टर हूपरची, भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. दुसरा नट आणता आला असता, किंवा दुकानदार दुसऱ्या गावी गेला असं दाखवता आलं असतं. त्यांनी ठरवलं की मुलांना खरं सांगायचं. तो भाग २४ नोव्हेंबर १९८३ ला दाखवला. बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो, मिस्टर हूपरचंही असतं, आणि विचारतो की ते कुठं आहेत, मला त्यांना द्यायचंय. मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारले, आणि वारलेलं माणूस परत येत नाही. 'झोपले', 'देवाघरी गेले' असले शब्द मुद्दाम टाळले, कारण लहान मूल ते शब्दशः घेतं आणि झोपायला घाबरतं किंवा वाट बघत बसतं. तुमची मुलगी दारात बघते ते त्यामुळंच.

माझा अनुभव असा की मूल बाहुलीला उत्तर देतं, आपल्याला नाही. बाहुलीला तुम्ही काही शिकवायला लावू नका. तिला प्रश्न पडू दे. 'माझी आजी कुठं गेली मला कळत नाही, तुला कळतं का?' एवढं विचारून थांबा. लगेच उत्तर नाही आलं तर नाही. बाहुली तिच्याजवळ ठेवून जा. आणि बोलणं आठवडाभरात सुरू झालं नाही तर बालमानसोपचाराच्या डॉक्टरांना नक्की भेटा.

रिमझिम_विडीघरकुल

मनापासून आभार. तिच्या आईशी उद्याच बोलते. माझ्याकडे बाहुली नाही. कशी करायची?

बोलकीबाहुली

सोलापुरात राहून हा प्रश्न! आपल्या इतकं चांगलं सामान कुणाकडेच नाही.

जिम हेन्सननं कर्मिट नावाची आपली प्रसिद्ध बाहुली पहिल्यांदा १९५५ साली आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून शिवली आणि डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. आपण टॉवेल घ्यायचा. टर्किश टॉवेलचे उभे फासे कॅमेऱ्यासमोर आणि मुलांच्या हाताला अगदी केसाळ लागतात. कारखान्याचा सेकंड माल घ्या, विणीतला एखादा दोष बाहुलीत दिसत नाही. तोंडासाठी गादीवाल्याकडचा बोटभर जाडीचा फोम, आतून जाड पुठ्ठा दुमडून चिकटवायचा. केसांना मागावरचं उरलेलं रंगीत सूत. एका वेणीला दोन मुठी सूत पुरतं. डोळे शेवटी लावा, बाहुली हातात घालून, समोर कुणाला तरी उभं करून. तिनं त्याच्याकडे बघितलं की तिथंच खूण करा.

कन्नाचौक

सूत माझ्याकडून. लाल, पिवळं, हिरवं, पाहिजे तेवढं. बाबा ठेवतात पोत्यात भरून.

आणि होटगीरोड दादांच्या 'ळ'बद्दल. आपल्या सोलापूरची गल्ली केली तर तीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि आमच्या मित्रांची दखनी, सगळं आलं पाहिजे. आमच्या गल्लीत कुणी एका भाषेत भांडतच नाही. बाहुलीपण तशीच बोलू दे.

होटगीरोड

हे मान्य. माझं म्हणणं एवढंच होतं की आपल्या मुलांना आपल्या आवाजात काहीतरी मिळावं. मराठी मुख्य, बाकी भाषा जशा येतील तशा, असं केलं तर मी लिहायला मदत करेन. गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली बाहुली आणि तिला घरी पोचवणारी चार भाषांतली चार माणसं, असा एक प्रसंग डोक्यात आलाय. रात्री टंकतो.

आजोळ_अफझलपूर

कन्नड संवाद मी तपासून देईन. आमच्या भागातली कन्नड धारवाडसारखी नाही, तेवढं ध्यानात ठेवा. पुस्तकी केलीत तर इंडी-अफझलपूरची पोरं ऐकणार नाहीत.

साखरपेठवाली

तेलुगू आईकडून. ती म्हणते, पूर्व भागातली तेलुगू पाहिजे, टीव्हीवरची नको.

तर मग रविवारी भेटू या का? कन्नाचौक, तुमच्याकडे त्या दिवशी माग बंद असतात ना?

कन्नाचौक

बंद असतात. खालचा हॉल मोकळा करून ठेवतो. दहाला या. शेंगाचटणी-भाकरी आईकडून.

बोलकीबाहुली

फोम आणि कात्र्या मी आणते. टॉवेल ज्यानं त्यानं आणावा, गडद रंगाचा नको, डोळे उठून दिसत नाहीत. मुलांना आणणार असाल तर आधी कळवा. लहानांना फोम कापायला देणार नाही, त्यांच्यासाठी मोज्यांच्या बाहुल्यांची वेगळी सतरंजी टाकू. रिमझिम, तुमच्या मुलीच्या बाहुलीला रविवारपर्यंत थांबायला नको. उद्या शाळा सुटल्यावर या, एक तयार आहे माझ्याकडे.